एकोणीस नंबरची चावडी

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेहून गावी आला होता. भूगोलाच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसणारा हा मुलगा. नकाशात अमेरिका दाखव म्हटले, की त्याची छडी नेमकी आफ्रिकेवर जायची. तोच आज तिकडे अठरा चाकांची मालमोटार चालवितो आणि कॅलिफोर्नियातून निघून नेवाडा, यूटा, वायोमिंग अशी राज्येच्या राज्ये ओलांडीत जातो. शिक्षकाची अशी थट्टा नियतीने अधूनमधून करावी. त्यामुळे आमचे पाय जमिनीवर राहतात.

फराळ झाला, मुले टिकल्या वाजवायला अंगणात पळाली, तेव्हा त्याने खिशातून एक वस्तू काढून माझ्या हाती दिली. मुठीत मावेल असा काळा माइक, बाजूला अंगठ्याने दाबायची कळ आणि खाली वळ्यावळ्यांची तार. ती तार पुढे कशालाच जोडलेली नव्हती. यंत्र तिकडे गाडीतच राहिले होते. हा माइक बिघडला म्हणून बदलला, पण टाकून देववेना म्हणून त्याने जपून ठेवला होता.

"सर, हा सी. बी. चा माइक," तो म्हणाला. "आपल्या घाटात तेव्हा हे असतं तर..."

पुढे तो बोलला नाही. आमच्या गावात ते वाक्य कुणाला पुरे करावे लागत नाही. वाचकांसाठी मात्र ते पुरे केले पाहिजे.

माझे मामा ट्रक चालवीत. १९९१ च्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे येताना त्यांनी मला केबिनमध्ये बसवून घेतले होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. खंबाटकीच्या घाटात त्या काळी बोगदा नव्हता. चढणारी आणि उतरणारी वाहने एकाच नागमोडी रस्त्याने जात. रात्री अकराच्या सुमारास, पाऊस कोसळत असताना, एका अवघड वळणाला लागून आमच्या भरल्या गाडीचा एक्सल तुटला. गाडी जागच्या जागी बसली. मामांनी चाकांखाली दगड दिले, झाडाच्या फांद्या तोडून रस्त्यावर टाकल्या आणि आमचा क्लीनर, सतरा-अठरा वर्षांचा पोर, हातात कंदील घेऊन वळणाच्या वरच्या अंगाला जाऊन उभा राहिला. वरून एक टँकर उतरत आला. त्या पावसात त्याला कंदील दिसला तेव्हा ब्रेक लावून उपयोग नव्हता. टँकर घसरला. पोराचा जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

त्या टँकरवाल्याला आम्ही वर्षानुवर्षे शिव्या मोजल्या. पुढे वय वाढले आणि एक निराळीच गोष्ट मनाला टोचू लागली. टँकर येण्यापूर्वी पाच-सात मिनिटे एक मालट्रक आमच्या शेजारून घाट चढून वर गेला होता. त्याच्या ड्रायव्हरने आमची गाडी पाहिली होती, फांद्या पाहिल्या होत्या, मामांना हात करून तो गेला होता. वर कुठेतरी तो त्या टँकरच्या शेजारूनच गेला असणार. दोघांच्या खिडक्यांत हातभर अंतर राहिले असेल. त्याला सारे ठाऊक होते आणि टँकरवाल्याला काहीच ठाऊक नव्हते. पण सांगणार कसे?

रस्त्यावरचा हा प्रकार मोठा विलक्षण आहे. समोरून येणारा प्रत्येक जण आपला पुढचा रस्ता पाहून आलेला असतो आणि त्याचा पुढचा रस्ता आपण पाहून आलेलो असतो. पापणी लवते न लवते तोच दोघे एकमेकांना ओलांडतात आणि दोघांचेही ज्ञान फुकट जाते. दिव्यांची उघडझाप, खिडकीबाहेर हलविलेला हात, रस्त्यावरच्या फांद्या ही सारी मुक्या माणसांची बाराखडी झाली. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना वाचा कशी फुटली, ते त्या दिवाळीनंतर मी हुडकू लागलो. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा मुलांना शिकविण्याचा आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. तेव्हा सनावळीपेक्षा माणसांकडे माझे लक्ष अधिक जाईल, ते वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सी. बी. म्हणजे सिटिझन्स बँड, साध्या नागरिकांसाठी राखून ठेवलेला बिनतारी लहरींचा एक पट्टा. या कथेच्या आरंभी एक हूड पोर उभा आहे. अल ग्रॉस त्याचे नाव. जन्म १९१८ चा, टोरांटोचा. वाढला अमेरिकेत क्लीव्हलंड शहरी. नऊ वर्षांचा असताना ईरी सरोवरावर आगबोटीतून जाताना हा भटकत भटकत बोटीच्या बिनतारी खोलीत शिरला आणि तिथेच अडकला, तो जन्माचा. १९३८ च्या सुमारास त्याने हातात धरून बोलता येईल असे यंत्र बनविले. महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने त्याला बोलावून घेतले. शत्रूच्या मुलखात लपलेला हेर आणि त्याच्या डोक्यावर फार उंचावरून फिरणारे विमान यांचे बोलणे घडवून आणणारी यंत्रणा उभी करण्यात त्याचा मोठा हात होता. युद्ध संपले आणि १९४५ साली अमेरिकन सरकारच्या दळणवळण आयोगाने ठरविले, की लष्कर, पोलीस, जहाजे आणि नभोवाणी केंद्रे यांच्याप्रमाणे साध्या माणसालाही थोड्या लहरी वापरू द्याव्यात. त्या माणसासाठी यंत्रे बनविणाऱ्या पहिल्या कारखानदारांत ग्रॉस होता. डिक ट्रेसी या चित्रकथेतला गुप्त पोलीस मनगटावरच्या घड्याळात बोलतो, ती कल्पना तिच्या चित्रकाराला ग्रॉसच्याच कारखान्यात सुचली. त्याच्या शोधांवर पुढे इतरांनी पैसा केला. त्याची पेटंटे मात्र जग जागे होण्याआधीच मुदत संपून गेली. २००० साली तो वारला.

त्या पहिल्या लहरी फार वरच्या पट्टीतल्या होत्या आणि यंत्रे महाग होती. खरी सुरुवात ११ सप्टेंबर १९५८ ला झाली. त्या दिवशी आयोगाने २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा हौशी बिनतारीवाल्यांकडून काढून नागरिकांना दिला. त्यात २३ चॅनेल पाडले. आयोगापुढे चित्र होते ते नळ दुरुस्त करणाऱ्याचे, शेतकऱ्याचे, दुकानदाराचे. त्याने आपल्या गाडीतून दुकानात निरोप द्यावा आणि गप्प बसावे. म्हणून नियमही तसेच केले. परवाना घ्या, सरकारी क्रमांक सांगून बोला, पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू नका, नुसत्या गप्पा मारू नका. आणि यंत्राची ताकद किती? हवेत जाणारी शक्ती चार वॅट. आपल्या देवघरातल्या लहान दिव्याएवढी!

या चार वॅटचा आवाज मोकळ्या माळावर दहा-पंधरा किलोमीटर जाईल, डोंगराआड दोन-तीनही नाही. शहाण्या माणसाने ही यंत्राची उणीव म्हणून नोंदविली असती. पण ट्रकवाल्याचा विचार करा. त्याला दिल्लीची बातमी नको असते, पुढच्या वळणाची हवी असते. दहा किलोमीटरचे यंत्र त्याच्या मापाने शिवल्यासारखे होते. सरकारने ते दुकानदारासाठी शिवले, ही गोष्ट वेगळी.

तरीही पंधरा वर्षे ट्रकवाल्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले होते. पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम आकडे, उत्तर-दक्षिण रस्त्यांना विषम आकडे आणि कडेला मैलांचे खांब. रस्ते रुंद, तेल स्वस्त, गाडी हाकायची आणि पैसे मोजायचे. बोलण्याची गरज पडली ती पोटावर पाय आल्यावर.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले. पंपांवर रांगा लागल्या. कुणी ठरावीक गॅलनांवर तेल देईना, कुणी पंपच बंद ठेवी, आणि डिझेलचा भाव तर हां हां म्हणता चढला. तेल वाचावे म्हणून अध्यक्ष निक्सन यांनी वेगावर बंधन आणले. २ जानेवारी १९७४ ला त्यांनी सही केलेल्या कायद्याने साऱ्या देशात ताशी ५५ मैल ही कमाल मर्यादा झाली. घरच्या मोटारीतून फिरायला जाणाऱ्याचे यात काही बिघडत नव्हते. ट्रकवाल्याचे काय झाले ते पाहा. त्याची मजुरी मैलावर. कायद्याने त्या काळी एका पाळीत फार तर दहा तास गाडी चालवायची. ताशी ७० मैलांनी ७०० मैल होत, ५५ नी होतात ५५०. रोजचे १५० मैल, म्हणजे तेवढी मजुरी, कागदाच्या एका तुकड्याने बुडाली. ज्याची गाडी स्वतःची होती त्याच्या उरावर कर्जाचा हप्ता आणि महाग डिझेल निराळेच. चौथीच्या मुलाला सुटेल असे हे गणित वॉशिंग्टनमध्ये कुणी मांडून पाहिले होते की नाही, देव जाणे.

डिसेंबर १९७३ च्या पहिल्या आठवड्यात पेन्सिल्व्हेनिया राज्यात ८० क्रमांकाच्या महामार्गावर कॅन्ससच्या जे. डब्ल्यू. एडवर्ड्स नावाच्या ड्रायव्हरने आपला ट्रक रस्त्यातच उभा केला. तेल मिळत नव्हते आणि मिळाले तर परवडत नव्हते. मग त्याने सी. बी. चा माइक उचलला. लहरींवर त्याचे टोपणनाव होते 'रिव्हर रॅट', म्हणजे नदीवरचा उंदीर. या उंदराचे बोलणे मागच्याने ऐकले, मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितले आणि थोड्याच वेळात शेकडो ट्रकांनी तो रस्ता बुजून गेला. दुसऱ्या राज्यांत रस्ते अडले. ना संघटना, ना पुढारी, ना पत्रक! चार-चार वॅटचे आवाज एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून शेकडो मैल चालत गेले. १९७४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मोठा संप झाला, आणि तो काही गोड प्रकार नव्हता. चालू ट्रकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली, अनेक राज्यांच्या गव्हर्नरांनी रक्षकदले रस्त्यावर आणली. जे यंत्र माणसे जमवी तेच संप मोडणारा ट्रक कुठे आहे हेही सांगे. शेवटी मालाच्या दरावर अधिभार घ्यायची मुभा देऊन सरकारने तो मिटविला. ५५ ची मर्यादा मात्र राहिली. ती पूर्णपणे उठायला १९९५ साल उजाडावे लागले.

मग ट्रकवाल्यांनी काय केले? जे वर्गातली मुले करतात तेच. एकाने दाराशी उभे राहायचे आणि "सर आले!" म्हणून सांगायचे. महामार्गाच्या पोलिसांची टोपी जंगलखात्याच्या जाहिरातीतल्या स्मोकी नावाच्या अस्वलाच्या टोपीसारखी दिसे, म्हणून पोलिसाचे नाव पडले स्मोकी. विमानातून पाळत ठेवणारा पोलीस म्हणजे हवेतले अस्वल. साध्या गाडीतून येणारा म्हणजे कोऱ्या कागदात गुंडाळलेला. वेग मोजणारे रडार म्हणजे फोटोवाला आणि गाडीचे वजन तपासणारा सरकारी काटा म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. पाच-दहा ट्रकांचा तांडा निघाला की सर्वांत पुढच्याने पुढचे दार राखायचे, शेवटच्याने मागचे. मधल्यांची जागा म्हणजे झुलती खुर्ची. त्यांनी आरामात गाडी हाकावी. आपल्याकडे माल घेऊन निघालेल्या बैलगाड्यांच्या तांड्यात जाणती माणसे अशीच पुढे-मागे राहत असत, असे माझे आजोबा सांगत.

सगळ्यांत मौज 'टेन-फोर' या शब्दाची आहे. 'समजले' एवढाच त्याचा अर्थ. हे दहाचे आकडे मूळ पोलिसांचे, १९३० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय राज्याच्या पोलिसांत सुरू झालेले. त्या वेळच्या यंत्रांना कळ दाबल्यावर जागे व्हायला क्षणभर लागे आणि बोलण्याचे पहिले अक्षर खाल्ले जाई. म्हणून प्रत्येक खुणेच्या आधी एक बळीचा बकरा ठेवला, 'टेन'. तो खाल्ला गेला तरी चाले. पोलिसांना चुकविणाऱ्यांनी शब्द उचलले ते पोलिसांचेच!

हा कायदेभंग बरा की वाईट? वर्गात मी दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलाचा कान धरतो, तेव्हा इथे टाळ्या वाजविणे मला शोभणार नाही. पण तोच माइक अपघाताची खबर देई, झोप लागलेल्या ड्रायव्हरला बोलते ठेवी. १९६२ मध्ये रिअ‍ॅक्ट नावाची स्वयंसेवकांची संस्था निघाली. तिची माणसे घरी बसून संकटात सापडलेल्यांच्या हाका ऐकत. १९७० मध्ये नऊ नंबरचा चॅनेल अशा हाकांसाठीच राखून ठेवला गेला. ट्रकवाले आधी दहा नंबरवर बोलत, पण त्यांचा गोंगाट शेजारच्या नऊमध्ये झिरपे. म्हणून ते एकोणिसावर गेले, आणि एकोणीस नंबर ही साऱ्या देशाच्या रस्त्यांची चावडी झाली. पुढे तर कित्येक राज्यांच्या पोलिसांनीच आपल्या गाड्यांत सी. बी. बसविले. चावडीवर पाटीलही येऊन बसला म्हणायचा.

नंतर त्याची साथ पसरली. सी. डब्ल्यू. मॅकॉल या गायकाचे 'कॉन्व्हॉय' हे ट्रकवाल्यांचे गाणे १९७६ च्या आरंभी लोकप्रियतेत पहिल्या क्रमांकावर गेले, त्यावर १९७८ मध्ये चित्रपट निघाला. अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 'फर्स्ट मामा' असे टोपणनाव घेतले. परवान्याची फी वीस डॉलरांची चार झाली, मग शून्य. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल चाळीस झाले आणि त्या एका महिन्यात जवळजवळ दहा लाख अर्ज आले. कारकुनांची काय अवस्था झाली असेल! १९८३ मध्ये सरकारने हात टेकले आणि परवानाच काढून टाकला. शहरातली हौस तोवर ओसरली होती. ट्रकवाला राहिला, कारण त्याची ती हौस नव्हती.

आपल्याकडे हे घडले नाही. १९३३ च्या बिनतारी कायद्याने बिनतारीचे यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागे. घरात नुसता ऐकायचा रेडिओ ठेवायलाही पोस्टात पैसे भरून परवान्याचे पुस्तक घ्यावे लागे, हे माझ्या वडिलांच्या पिढीला आठवते. 'वायरलेस' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलिसांची जीपच येते. २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झचा पट्टा पाच वॅटपर्यंत परवान्यावाचून मोकळा झाला, पण तोवर ड्रायव्हरांच्या खिशात मोबाइल आला होता.

माझ्या विद्यार्थ्याचेही हेच म्हणणे होते, की मोबाइल असताना या डब्याला पैसे कशाला घालायचे? २०१२ पासून तिकडे व्यवसायी ड्रायव्हरने चालत्या गाडीत फोन हातात धरायला बंदी आहे, सी. बी. च्या माइकला नाही. पण त्याच्याबरोबरचे पंजाबी ड्रायव्हर कानाला यंत्र लावून आपापसांत फोनवरच बोलत, सुखदुःखे वाटून घेत. त्याची पहिली हिवाळ्याची खेप अशीच गेली. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्याला विचारले, "तुझ्यापुढच्या ट्रकवाल्याचा फोन नंबर तुला ठाऊक आहे काय?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. तो ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या दुकानात गेला. तिथे भिंतभर यंत्रे मांडलेली. दिवे लुकलुकणारी, आवाजाला प्रतिध्वनी देणारी, बोलणे संपल्यावर टिंग करणारी. आपल्याकडे घोड्याच्या बाजारात घोड्याआधी झूल दाखवितात, तसेच. दुकानदाराने त्याला एक शक्तिवर्धक पेटीही देऊ केली. ती लावली की चार वॅटचे शंभर होतात, आणि ती बेकायदा असते. पुन्हा तो म्हाताराच कामी आला. "मोठ्याने ओरडून काय उपयोग? तुझा आवाज वीस मैल गेला आणि उत्तर देणाऱ्याचा चारच मैल आला, तर तू बहिरा. पैसे एरियलवर घाल," असा त्याचा सल्ला.

त्याचे कारण मुलाने मला कागदावर आकृती काढून समजाविले आणि प्रथमच आम्हा दोघांच्या जागा बदलल्या. या लहरीची लांबी अकरा मीटर. चांगल्या एरियलची लांबी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी हवी, म्हणजे सुमारे नऊ फूट. आता साडेतेरा फूट उंचीच्या ट्रकवर नऊ फुटांची काठी उभारली तर पहिल्याच पुलाखाली ती मोडेल. म्हणून तारेचे वेटोळे घातलेली चार-पाच फुटांची काठी आरशाच्या दांड्यावर बसवितात. तिचे टोक केबिनच्या वर राहिले पाहिजे. एरियलला पायाखाली धातू लागतो, आणि हल्लीच्या केबिनी फायबरच्या. तेव्हा दांडा गाडीच्या लोखंडी सांगाड्याशी तारेने जोडून द्यावा लागतो. मग मीटर लावून पाहायचे, की पाठविलेली शक्ती बाहेर जाते की एरियलवरून माघारी येते. मीटरचा आकडा दीडच्या आत असला तर उत्तम, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर गेला तर यंत्रच जळायची भीती. शेजारच्याचे महागडे यंत्र वाईट एरियलपायी मुके राहते आणि याचे साधे बोलते ते यामुळे.

यंत्र त्याने 'कोब्रा २९' या जुन्या घराण्यातले घेतले. त्याला पडद्याचे यंत्र नको होते. रात्री, हातमोजे घालून, रस्त्यावरची नजर न काढता बोटांना सापडतील अशा गोल खुंट्या हव्या होत्या. एक खुंटी आवाजाची. एक खरखर गाळण्याची, पण ती फार पिळली तर दूरची क्षीण हाकही गाळली जाते. म्हणून खरखर नुकती थांबेल तिथेच ती सोडायची. आणि माइक. कळ दाबली की बोलायचे, सोडली की ऐकायचे. दोन्ही एकदम होत नाही. ज्याने कळ दाबून ठेवली तो साऱ्या चॅनेलची वाट अडवितो आणि त्याला शिव्या पडतात, त्या मात्र त्याला ऐकू येत नाहीत!

सारे गोडच आहे असे नाही. एकोणिसावर तासन्‌तास भिकार बडबड चालते, आणि कॅलिफोर्नियात काही रस्त्यांवर सतरा नंबर लावावा लागतो. माणूस अंधारात असला की त्याची जीभ सुटते. काळ्या ड्रायव्हरांना तिथे फार पूर्वीपासून नको ते ऐकावे लागले आहे, आणि आमच्या मुलाचे उच्चार ऐकूनही कुणीतरी "जा आपल्या देशात" म्हटलेच. सहा महिने त्याने ऐकण्यापुरतेच यंत्र ठेवले. माइकला हात लावला नाही.

तो लावला वायोमिंगमध्ये. लॅरमी आणि रॉलिन्सच्या मधला ८० क्रमांकाचा रस्ता वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आकाशातून बर्फ पडत नसताना जमिनीवरचा उडतो आणि काचेपुढे पांढरी चादर धरल्यासारखे होते. हा पश्चिमेकडे चालला होता. खरखरीतून एक म्हातारा आवाज आला. पश्चिमेला जाणाऱ्यांनो, अमुक मैलाच्या खांबाशी दोन ट्रक आडवे पडले आहेत, दोन्ही पट्टे बंद, वेग मारा. तो आवाज पूर्वेकडे, समोरून येत होता. याने खांब मोजले. दोन मैल. वेग हळूहळू उतरवीत तो थांबला तेव्हा पुढच्या गाड्यांचे लाल दिवे हाकेच्या अंतरावर होते. आणि मग त्याच्या मनात आले, की आपण थांबलो, पण आपल्या मागच्याचे काय? म्हाताऱ्याचा आवाज आता विरत चालला होता.

"सर, तेव्हा कळ दाबली," तो म्हणाला. "खांबाचा आकडा सांगितला. तीनदा सांगितला. इंग्रजी कसलं आलं होतं देव जाणे. मागून एकजण म्हणाला, टेन-फोर. मग त्याच्या मागचा. मग मला ऐकू येईनासं झालं, पण निरोप मागं चालला होता."

त्या म्हाताऱ्याचे नाव त्याला कधीच कळले नाही. स्वतःचे टोपणनाव त्याने त्यानंतर घेतले, 'खंबाटकी'. अमेरिकनांना ते म्हणता येत नाही. ते त्याला 'कॉम्बॅट की' म्हणतात आणि तो लढाईवर गेलेला माणूस असावा असे समजतात.

माइक तो माझ्याकडेच ठेवून गेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तो एस. टी. स्टँडाजवळच्या पानाच्या टपरीवर घेऊन गेलो. टपरीवाला कुबडी बाजूला टेकवून स्टुलावर बसला होता. त्याने हात पुसले, माइक उलटसुलट करून पाहिला, कळ दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

"पलीकडचा कधी बोलतो, गुरुजी?"

"कळ सोडली की."

त्याने कळ सोडली आणि थोडा वेळ ती तुटकी तार पाहत राहिला. मग कुणी गिऱ्हाईक आले, तेव्हा त्याने माइक कात-चुन्याच्या डब्यांवरच्या खिळ्याला अडकविला आणि पान लावायला घेतले.